शाळिग्रामातली पहिली खोली

गोगलगायीला अळता लावणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला. आमचे शेजारी, बंडोपंत मास्तर.

मी लग्न होऊन कल्याणला आले, तेव्हा पारनाक्याजवळ आमचं आणि त्यांचं घर लागून होतं. मधली विहीर दोघांची सामाईक. श्रावणात एकदा सकाळी पाणी काढायला गेले, तर हे गृहस्थ तुळशीवृंदावनापाशी उकिडवे बसलेले. डोक्याचा घेरा, खांद्यावर उपरणं, एका हातात गोगलगाय आणि पुढ्यात बायकोची अळत्याची वाटी! काडीनं गोगलगायीच्या शंखाच्या अगदी काठाला लाल रेघ ओढत होते. मी घागर तिथेच टाकली आणि घरात पळाले. सासूबाई हसून म्हणाल्या, "अगं, घाबरतेस काय? चावत नाही तो. शाळेत मास्तर आहे."

परक्या सुनेशी थेट बोलायची तेव्हा रीत नव्हती. मास्तरांना रीत आठवायची ती बोलून झाल्यावर. गणपती होऊन गेले, नि एक दिवस विहिरीवरून हाक आली, "सूनबाई, अहो सूनबाई, इकडे या! रेघ बघा, रेघ!" मी पदर सावरत गेले. बघते तर काठावरची लाल रेघ आता काठावर नव्हतीच. तिच्यापुढे नवा, पातळ, फिकट शंख आला होता.

"कळलं का? घर पुढून वाढतं. मागचं आहे तसंच राहतं," मास्तर म्हणाले. मग दचकून मान खाली घातली, "सासूबाई आहेत ना घरात?" आणि गोगलगाय घेऊन आत गेले.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "मोठं झालेलं कोणीही बघतं. वाढलं कसं ते बघा." पोर असो, भोपळा असो, शिंगं फुटणारं वासरू असो, मास्तर तेच म्हणायचे. शाळेतली पोरं त्यांच्या माघारी नक्कल करायची. माझे दीर त्यातलेच, जेवताना भाताचा ढीग बघून म्हणायचे, "वाढलं कसं ते बघा!"

दिवा गावच्या खाजणाकडून एक आगरीण यायची. आमच्या आळीत मासळी कोण घेणार? पण ती येऊन मागच्या गडग्याशी उभी राहायची आणि मास्तरांसाठी ओच्यात शिंपल्या आणायची. लहान, मोठी, त्याहून मोठी, सगळ्या एकाच जातीच्या. "आवरी मोठी परत नाय गावाची, मास्तर," असं बजावून ती ठेवायची. मास्तरांची आई, भागीरथीकाकू, सोवळ्यात. त्या खिडकीतून ओरडायच्या, "बंड्या, त्या घाणीला हात लावून देवघरात शिरलास तर बघ!" मास्तर विहिरीवर जाऊन आंघोळ करायचे. दिवसातून किती आंघोळी व्हायच्या त्याला सुमार नव्हता.

त्यांच्या बायकोशी, सरस्वतीवहिनींशी माझं चांगलं जमलं. त्या सांगायच्या, "ह्यांचं म्हणणं, जनावरांचे साचे मोजकेच. एक मध्ये रेघ मारली की दोन सारख्या फाका होणारा. एक चांदणीसारखा, पाच बाजूंना फाकणारा. एक गुंडाळी घेत जाणारा. बाकी सगळं त्याच्यातच. तू, मी आणि झुरळ, आपण एका साच्यातले म्हणे!" सासूबाईंनी हे ऐकलं आणि हळदीकुंकवाला आळीभर केलं. पुढे कित्येक दिवस बायका एकमेकींना "काय गं झुरळा" म्हणत होत्या.

आणखी एक खोड सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आलं. मास्तरांना खोटं बोलता यायचं नाही. बोलायची वेळ आली की हात आपोआप उजव्या कानाकडे जायचा आणि पाळी चिमटीत धरायचा. एकदा सासूबाईंनी त्यांच्याकडे आमटी पाठवली. मीठ टाकायलाच विसरलेली. दुसऱ्या दिवशी विचारलं, "कशी झाली होती?" मास्तर म्हणाले, "उत्तम," आणि कान धरला. सासूबाई म्हणाल्या, "मीठ नव्हतं ना?"

आता मास्तरांना हवं काय होतं? फार जुन्या काळचा एखादा प्राणी, दगड झालेला. माणूस नव्हता, हिमालय नव्हता, तिथे समुद्र होता, त्या वेळचा. साहेबांच्या पुस्तकात त्यांनी चित्रं पाहिली होती, त्यातलं एक गुंडाळी घेतलेल्या दगडाचं. सुट्टी लागली की पारसिकचा डोंगर, मलंगगडाचा पायथा, खाणी, नाले, सगळं पालथं घालायचे. आणायचे काय, तर गारगोट्या. आपला काळा कातळ म्हणजे पृथ्वीच्या पोटातून उकळून आलेला रस, त्यात जीव कुठला सापडायला? हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी जायचे.

आणि मग कळलं, की काखेत कळसा नि गावाला वळसा. पुस्तकातलं ते गुंडाळीचं चित्र त्यांनी रोज हातात घेतलेलं होतं. देवघरात, तांब्याच्या डबीत, संपुष्टात. पणजोबांनी गंडकीहून आणलेला शाळिग्राम! त्याच्या तोंडातून आत चक्र दिसतं ना, तेच. सरस्वतीवहिनी म्हणाल्या, "पूजा करता करता हे थांबले, आणि शाळिग्राम डोळ्याशी धरून बसले. आई म्हणाल्या, भक्ती लागली हो पोराला." त्या सांगताना हसल्या, पण घाबरल्या होत्या.

त्या दिवसापासून मास्तरांना आतलं बघायची तहान लागली. बाहेरून चक्राचा काठ तेवढा दिसायचा. वाढ आत होती. शाळेत पोरांना सांगून बसले, की शाळिग्राम म्हणजे समुद्रातल्या प्राण्याचं घर. पोरांनी घरी सांगितलं. आळीत कुजबुज झाली. आमच्या घरात विषय निघाला की मामंजी पान थुंकून म्हणायचे, "आगीशी खेळतोय बंडू."

त्यांनी केलं ते एकादशीला. हिशोब असा, की आईचं तीर्थ सकाळीच झालंय, आज उपास, उद्या द्वादशीला पारणं. म्हणजे उद्या सकाळपर्यंत वेळ. फोडायचा, बघायचा, लाखेनं पुन्हा जोडायचा. आणि बिनश्रद्धेनं नाही हो! सोवळं नेसले, षोडशोपचार पूजा केली, नैवेद्य दाखवला, मग अक्षता वाहून "पुनरागमनाय च" म्हणाले. देवाला म्हणाले, थोडा वेळ बाहेर थांब, घर बघून होऊ दे. इतकं शहाणपण आणि इतका खुळेपणा एकाच डोक्यात! मग छिन्नी लावली.

शाळिग्राम दोन झाला, तो सरळ. पण कडेची एक कपची उडाली आणि देवघराच्या उंबऱ्याबाहेर पडली. दुसऱ्या दिवशी पहाटे काकू पारण्याच्या तयारीला उठल्या, आणि ती कपची त्यांच्या पायाखाली आली.

काकूंची किंकाळी आमच्याकडे ऐकू आली. आम्ही धावलो. मास्तर देवघरात उभे, हातात लाखेनं जोडलेला शाळिग्राम. काकू भिंतीला टेकून बसलेल्या. रडत नव्हत्या. एवढंच म्हणाल्या, "तीर्थावाचून मी कधी घास घेतलेला नाही. देवच फोडलास. आता मी काय घेऊ?"

मास्तर म्हणाले, "आई, शाळिग्राम फुटला तरी चालतो. मी ऐकलंय."

"तू सांगू नकोस. शास्त्रीबुवा सांगतील तर घेईन."

आदल्या दिवसाचा निर्जळी उपास. पारणं झालं नाही. तो दिवस गेला, दुसराही गेला. काकूंचं वय काय, देह काय, पेटीत घडी करून ठेवता येतील एवढ्या बाई. पाणीसुद्धा घेईनात. सरस्वतीवहिनी माझ्याकडे येऊन विहिरीच्या काठावर बसल्या आणि हमसून हमसून रडल्या. मास्तर शाळेत गेलेच नाहीत. आईच्या उशाशी बसून होते, दाढी वाढलेली, आणि मधूनमधून म्हणत होते, "आई, घोटभर." काकू तोंड फिरवायच्या.

आळीत धर्माचा निर्णय द्यायचे ते शास्त्रीबुवा. त्यांनी देवळात सभा बोलावली, दुपारची. बायकांना खांबाआडची जागा. मी सासूबाईंना मस्का लावून त्यांच्याबरोबर गेले.

शास्त्रीबुवा म्हणाले, "बंडोपंत, तुमची चूक एवढी मोठी आहे, की ती तुम्हालाही कळलेली नाही. विसर्जन केलंत म्हणे. अहो, शाळिग्रामात देव आणून बसवावा लागत नाही, म्हणून बाहेरही काढता येत नाही. तुम्ही देव आत असताना छिन्नी चालवलीत."

मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

"पण त्याच कारणानं," शास्त्रीबुवा पुढे म्हणाले, "तो भंगतही नाही. मूर्ती भंगली तर पाण्यात सोडतात. शाळिग्राम फुटला, चिरला, तरी पूज्यच. वचन आहे. मी आत्ता सांगतो, तुमच्या आईनं तीर्थ घ्यावं."

"मग सांगा ना!" मास्तर जवळजवळ ओरडले. "माणूस पाठवा. ती तिकडे..."

"आधी तुम्ही एक वाक्य म्हणायचं. पोरांना शिकवलंत, हा समुद्रातला जीव. इथे सगळ्यांदेखत म्हणा, यात जीव नाही, कधी नव्हता. मग मी निर्णय देतो."

मला शास्त्रीबुवांचा असा संताप आला, असा संताप आला, की सासूबाईंनी माझा हात दाबून धरला. म्हातारी मरतेय आणि हा माणूस वचन मुठीत धरून बसलाय! आज वाटतं, तेही घाबरले होते. उद्या प्रत्येक घरात पोरं छिन्न्या घेऊन बसतील, अशी भीती. पण त्या दिवशी मला त्यांचं तोंड बघवेना.

मास्तर उभे होते. घाम पुसला. वर पाहिलं, खाली पाहिलं. ज्याच्यासाठी डोंगर पालथे घातले, ते एकदाच, एका दुपारपुरतं डोळ्यांनी पाहिलं होतं त्यांनी. मग त्यांचा हात वर गेला आणि उजवा कान धरला.

"यात जीव नाही," ते म्हणाले. "कधी नव्हता."

सभेनं सुस्कारा सोडला. त्या कानाचा अर्थ तिथल्या निम्म्या लोकांना ठाऊक होता. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

शास्त्रीबुवांचा शिष्य पुढे धावला, काकूंना निर्णय सांगायला. त्याच्यामागून मास्तर, त्यांच्यामागून आम्ही. माजघरात अंधार होता, वहिनींनी समई पुढे ठेवली. मास्तरांनी सोवळं नेसून पळीत तीर्थ घेतलं आणि आईच्या ओठांशी नेलं.

काकूंनी ओठ मिटले. मग अगदी हळू विचारलं, "शास्त्रीबुवांनी फुकट नाही सांगितलं. तू काय म्हणालास तिथे?"

"काही नाही."

"कान सोड," काकू म्हणाल्या. "कान सोड, आणि खरं सांग."

मास्तरांनी सांगितलं. काकूंनी सगळं ऐकलं, आणि मग म्हणाल्या, "दाखव मला. असं काय आहे आत, ज्याच्यासाठी आईला उपाशी ठेवलीस?"

लाख तापवून त्यांनी दोन्ही अर्धुकं सोडवली आणि एक समईशी धरलं. मी दारातून पाहिलं. काळ्या दगडात चकलीसारखी गुंडाळी, आणि त्या गुंडाळीत आडव्या भिंती, खोली, खोली, खोली. मधोमध मोहरीएवढा एक ठिपका.

"आई, ही पहिली खोली. इथे तो जन्मला. एवढासाच होता. मग अंग वाढलं, खोली पुरेना. पुढे नवी बांधली, सरकला, मागे भिंत घालून घेतली. पुन्हा वाढला, पुन्हा बांधली. प्रत्येक खोली आधीच्यापेक्षा थोडी मोठी. गोगलगायीचं घर म्हणजे एकच खोली, ह्यानं दर वेळी नवी बांधली."

"आणि मागच्यांचं काय केलं? टाकल्या?"

"नाही. सगळ्या बरोबर घेऊन फिरला."

"बाळपणाची सुद्धा?"

"ती सगळ्यात आत."

काकू बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझ्याआधीची माझी पोरं पहिल्या खोलीतच राहिली रे. एकालाही दुसरी बांधता आली नाही." मास्तर रडायला लागले. मीही. काकूंनी तोंड उघडलं आणि म्हणाल्या, "दे पळी."

तीर्थ घेतलं, मग वहिनींनी पेज भरवली. दोन घास झाल्यावर काकू म्हणाल्या, "बंड्या, एक कबूल कर. माझ्या शेवटी मला हेच सांगायचं, जसं आत्ता सांगितलंस. आणि कुजबुजायचं नाही. शास्त्रीबुवा असतील, सगळे असतील. खोटं मोठ्यानं बोललास ना? मग खरंही मोठ्यानं बोल."

मास्तर "हो" म्हणाले. हात मांडीवर होता.

पुढची वर्षं त्या "हो"नं त्यांना पोखरलं. शाळेत गणित आणि व्याकरण, त्यापलीकडे अक्षर नाही. अळत्याची वाटी वहिनींना परत मिळाली. आगरीण गडग्याशी येऊन परत जायची. काकू मात्र ठणठणीत! रोज सकाळी अर्ध्या शाळिग्रामाचं तीर्थ घ्यायच्या, आतली बाजू वर ठेवायला लावून. पण काकू नुसत्या खोकल्या तरी मास्तरांचा चेहरा उतरायचा. उघडच होतं. आईला दिलेला शब्द पाळला, तर चारचौघांत दिलेला मोडला. मग आळी वाळीत टाकणार, नोकरीचं जे व्हायचं ते होणार, आणि आधी आईलाच खांदा मिळणार नाही. प्रेत दारात ठेवून माणूस काय करील?

वहिनी म्हणायच्या, "कानात सांगा हो हळूच. त्या कशाला उठून बघणार आहेत?"

"तिला ऐकू येत नाही," मास्तर म्हणायचे. आणि खरंच, शेवटी शेवटी काकूंना ओरडून सांगितल्याशिवाय ऐकू येत नव्हतं. हळू बोलायची सोयच राहिली नव्हती.

माघात काकू अंथरुणाला खिळल्या. एका सकाळी श्वास लागला, तशी जमिनीवर दर्भ घालून त्यांना खाली घेतलं. घर माणसांनी भरलं. शास्त्रीबुवा उशाशी बसले, तेही आता थकले होते. वहिनी कोपऱ्यात उभ्या होत्या. मी त्यांचा हात धरला, तर बर्फ. घरातल्या प्रत्येकाचं लक्ष मास्तरांकडे होतं. काकूंनी काय कबूल करून घेतलंय, हे आळीत कोणाला ठाऊक नव्हतं?

मास्तर संपुष्ट घेऊन आले. तीर्थ दिलं, तुळशीचं पान ठेवलं.

"नारायण म्हणा, बंडोपंत," शास्त्रीबुवा म्हणाले.

काकूंचे डोळे त्यांच्यावर. मग मास्तरांनी ते अर्धुकं काढलं आणि दोन्ही हातांनी आईच्या छातीजवळ धरलं. काकूंनी बोट उचललं. बाईनं शाळिग्रामाला शिवायचं नसतं. जन्मभर शिवल्या नव्हत्या. मागून कोणीतरी "हां हां!" केलं, तोवर बोट मधोमध टेकलं होतं.

आणि मास्तर वर्गात शिकवायचे तशा खणखणीत आवाजात बोलू लागले. "आई, ही पहिली खोली! इथे तो जन्मला!"

मास्तर थांबले नाहीत. खोलीमागून खोली, भिंतीमागून भिंत, गुंडाळीभर फिरत आले. काकूंचं बोट ते आपल्या बोटानं पुढे नेत होते. "हा जीव होता, आई. मी देवळात खोटं बोललो. हा जगला, वाढला, सगळं बरोबर घेऊन फिरला." शेवटी बोट काठाशी आलं. "आणि ही शेवटची. हिला पुढे भिंत नाही. ही उघडीच असते, आई. इथून तो बाहेर बघतो."

काकूंचं बोट तिथेच राहिलं. थोड्या वेळानं कळलं, की त्या गेल्या.

वहिनींनी हंबरडा फोडला. बाकी कोणी जागचं हललं नाही. पुरुष एकमेकांकडे बघत होते, आणि मग सगळे शास्त्रीबुवांकडे. मास्तरांनी कोणाकडेच पाहिलं नाही. दोन्ही हात दगडावर, कान मोकळा. शास्त्रीबुवांनी वाकून ते अर्धुकं पाहिलं, अगदी जवळून, म्हातारी माणसं पंचांग बघतात तसं. आपलंच एक बोट पुढे केलं, आणि मागे घेतलं.

मग ओरडले, "बसलात काय सगळे? बांबू आणा!"

पुढच्याच महिन्यात आमचं बिऱ्हाड ठाण्याला गेलं, आणि मास्तर मला पुन्हा दिसले नाहीत. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या दिवशी दारात उभी राहून. पुढे मास्तर मडकं घेऊन चाललेले, पाठ ताठ, आणि मागे काकूंना पहिला खांदा शास्त्रीबुवांचा.